पांढऱ्या भुकटीला रंग का चढवतात? ऊन, पाणी आणि टायटॅनियम

हरित हायड्रोजन हे शब्द आता गोव्यातल्या वाचकालाही नवे राहिलेले नाहीत. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आणि लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत बेतुलला भारत ऊर्जा सप्ताह भरला आणि हा विषय आपल्या दारात येऊन गेला.

या मोहिमेतला बराचसा हायड्रोजन विजेच्या साहाय्यानं पाण्यापासून काढायचा आहे. पण अधूनमधून वेगळीच बातमी वाचायला मिळते: पाण्यात एक भुकटी टाकली, उन्हात ठेवली आणि बुडबुडे येऊ लागले. ना वीज, ना यंत्र. अशा बातमीत ‘सुधारित टायटॅनियम ऑक्साइड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्यापुढे ‘दृश्य प्रकाशात पाण्याचं विघटन’. फोंड्याला बारावीच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवताना हा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ‘सर, मग आपण गॅसचा सिलिंडर कशाला आणतो?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र जरा सावकाश समजून घ्यावं लागतं.

पाणी उन्हात आपोआप का फुटत नाही?

हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जळला की पाणी होतं आणि जळताना ऊर्जा बाहेर पडते. पाण्यापासून पुन्हा हायड्रोजन हवा असेल तर ती ऊर्जा परत मोजावी लागते, त्यात सूट नाही. विजेच्या भाषेत किमान १.२३ व्होल्ट लागतात. एक किलो हायड्रोजनसाठी साधारण नऊ लिटर पाणी आणि किमान ३३ युनिट ऊर्जा, असा हा हिशेब आहे.

प्रकाश फोटॉन नावाच्या सुट्या कणांनी येतो. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. लाल प्रकाशाच्या फोटॉनमध्ये सुमारे १.८, जांभळ्यामध्ये सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. म्हणजे कागदावर पाहिलं तर लाल प्रकाशसुद्धा पाणी फोडायला पुरेसा आहे. तरी मांडवी शतकानुशतकं उन्हात वाहते आहे आणि तिच्यातून हायड्रोजन निघत नाही, कारण पाणी पारदर्शक आहे. दृश्य प्रकाश त्यातून आरपार जातो, पाणी तो पकडतच नाही. म्हणून प्रकाश पकडून ती ऊर्जा पाण्याला देणारा मध्यस्थ लागतो. त्याला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

हे टायटॅनियम कुठून आलं?

टायटॅनियम डायऑक्साइड आपल्या घरातच आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, टूथपेस्टमध्ये, सनस्क्रीनमध्ये. जुन्या वाड्यांच्या आणि चर्चच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या असत, आजच्या बहुतेक इमारती टायटॅनियमनं पांढऱ्या आहेत. ते मिळतं मुख्यतः इल्मेनाइट या काळ्या खनिजापासून. आपल्या उत्तरेला रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी, जड वाळू दिसते तिच्यात हे खनिज आहे आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं कोकणाजवळच्या समुद्रतळावरच्या अशा वाळूचा अभ्यासही केला आहे.

घराच्या बाहेरच्या रंगाला काही वर्षांनी हात लावला की पांढरी भुकटी हाताला लागते, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असेल. रंग खराब होण्याची कारणं अनेक असतात, पण त्यातलं एक असं: उन्हातल्या अतिनील किरणांनी टायटॅनियमचे कण जागे होतात आणि स्वतःला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यालाच खातात. म्हणून रंग बनवणारे या कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर देतात. रंगवाल्याला नको असलेला हा गुण जपानच्या दोन संशोधकांनी कामाला लावला. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक आणि प्लॅटिनम तारेनं जोडून पाण्यात बुडवले आणि स्फटिकावर प्रकाश टाकला. स्फटिकाकडून ऑक्सिजन निघाला, प्लॅटिनमकडून हायड्रोजन. १९७२ साली ‘नेचर’ नियतकालिकात हे छापून आलं. पुढच्याच वर्षी जगावर तेलटंचाई कोसळली आणि या शोधाकडे सगळ्यांचं लक्ष वळलं.

आत नेमकं काय घडतं?

पावसाळ्यात वाटेत आडवा आलेला व्हाळ डोळ्यांसमोर आणा. पदार्थातला इलेक्ट्रॉन अलीकडच्या काठावर बसलेला आहे. पलीकडच्या काठावर पोचला तरच तो मोकळा होतो आणि काम करू शकतो. मध्ये पाय ठेवायला जागा नाही, एकाच उडीत पार व्हायला हवं. उडीची ताकद एका फोटॉनकडून मिळते. फोटॉन अशक्त असेल तर असे हजार आले तरी उपयोग नाही, कारण अर्धवट उड्या साठत नाहीत. या व्हाळाच्या रुंदीला शास्त्रज्ञ ‘बँड गॅप’ म्हणतात. हा एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवा, बाकीचं त्यावर उभं आहे.

इलेक्ट्रॉन पलीकडे गेला की अलीकडे त्याची रिकामी जागा उरते, तिला आपण पोकळी म्हणू. पलीकडचा इलेक्ट्रॉन हायड्रोजन बनवतो. अलीकडची पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून ऑक्सिजन बनवते. दोन्ही कामं झाली तरच पाणी फुटलं असं म्हणायचं.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन मुख्य रूपांपैकी रुटाइलचा बँड गॅप सुमारे ३.० आणि अ‍ॅनाटेजचा सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. एवढी उडी मारून देणारा फोटॉन अतिनील किंवा फार तर जांभळ्याच्या कडेचा असतो. हिरवा, पिवळा, लाल प्रकाश हा पदार्थ जसाच्या तसा परत फेकतो. म्हणून तर तो पांढरा दिसतो! जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेत अतिनील भाग जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतो आणि दृश्य प्रकाशाचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक. जो गुण भिंतीवर शोभतो तोच इथे आड येतो.

मग रंग चढवला की झालं?

इथून खरी कसरत सुरू होते, आणि बातम्यांमध्ये नेमका हाच भाग गाळला जातो.

व्हाळ अरुंद करायचा तर कुठला तरी काठ सरकवावा लागेल. पलीकडचा काठ सरकवण्यात धोका आहे, कारण हायड्रोजन बनवण्यासाठी इलेक्ट्रॉनमध्ये जेवढा जोर लागतो त्यापेक्षा टायटॅनियममध्ये थोडासाच जास्त असतो. तो काठ जवळ आणला की इलेक्ट्रॉन पार होईल, पण हायड्रोजन बनवण्याइतका जोर त्याच्यात उरणार नाही. अलीकडच्या काठाकडे मात्र भरपूर जागा आहे. पाण्यापासून ऑक्सिजन काढायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी पलीकडचा जोर या पोकळीत आहे आणि तो वाया जातो. तेव्हा सरकवायचा असेल तर अलीकडचा काठ सरकवावा.

हा काठ ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असतो. काही ऑक्सिजन काढून त्यांच्या जागी नायट्रोजन बसवला तर नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन थोडे वर, म्हणजे पलीकडच्या काठाच्या जवळ बसतात. २००१ साली टोयोटाच्या जपानमधल्या केंद्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हे करून दाखवलं. भुकटी पिवळसर झाली आणि ५०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतच्या (तरंगलांबी जितकी मोठी, तितका फोटॉन अशक्त), म्हणजे निळ्या प्रकाशातही काम करू लागली. पण त्यांनी तपासलं होतं ते एक रंगद्रव्य आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड वायू नष्ट करण्याचं काम. पाणी फोडणं त्याहून पुष्कळ अवघड आहे, कारण ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार पोकळ्यांनी एकत्र काम पुरं करावं लागतं.

दुसरी रीत म्हणजे लोह, क्रोमियम असे धातू थोड्या प्रमाणात मिसळायचे. यानं काठ सरकत नाही, व्हाळाच्या मधोमध धोंडा पडतो. त्यावर पाय ठेवून दोन लहान उड्यांत पार होता येईल असं वाटतं. पण धोंडा निसरडा असतो. इलेक्ट्रॉन तिथे थांबतो, पोकळीही तिथे ओढली जाते आणि दोघं भेटून संपतात. मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. शुद्ध पदार्थातही अशा बऱ्याच जोड्या पृष्ठभागावर पोचण्याआधी, सेकंदाच्या अब्जांश भागातसुद्धा, विझून जातात. मुद्दाम धोंडे टाकले तर हे आणखी वाढतं. म्हणूनच भुकटी रंगीत झाली, प्रकाश जास्त शोषू लागली, तरी हायड्रोजन पहिल्यापेक्षा कमी, असा अनुभव अनेक प्रयोगशाळांना येतो.

२०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये २०० अंश सेल्सिअसला पाच दिवस तापवले. बाहेर आली ती काळीकुट्ट भुकटी. कणांचा वरचा थर विस्कटला होता आणि त्यामुळे तो जवळपास सगळा दृश्य प्रकाश शोषत होता. ‘काळा टायटानिया’ या नावानं त्याचा मोठा गाजावाजा झाला, त्यावर शेकडो शोधनिबंध निघाले. पूर्ण उन्हासारख्या प्रकाशात त्यानं हायड्रोजन खरोखरच चांगला दिला. मात्र प्रकाशातला अतिनील भाग गाळून टाकल्यावर वेग एकदम खाली आला. काळा रंग प्रकाश गिळत होता, पण त्या प्रकाशातला फारच थोडा हायड्रोजनपर्यंत पोचत होता. मला वाटतं, या अर्धशतकाच्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे दिसते: प्रकाश शोषणं आणि पाणी फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि भुकटीचा रंग पाहून फक्त पहिलं कळतं.

आकडे इतके मोठे दिसतात, ते खोटे असतात का?

खोटे नसतात, पण अटी वाचाव्या लागतात. अनेक प्रयोगांत पाण्यात मेथॅनॉल मिसळलेलं असतं. काळ्या टायटानियाच्या त्या प्रयोगातही होतं. मेथॅनॉल पोकळ्यांना पटकन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, त्यामुळे ऑक्सिजनचं अवघड काम टळतं आणि हायड्रोजन भराभर निघतो. अशा द्रव्याला त्यागी द्रव्य म्हणतात, कारण ते स्वतः खर्च होतं. संशोधनात ही पद्धत बिलकूल गैर नाही, पदार्थाचा एक भाग स्वतंत्रपणे तपासता येतो. पण तिथे इंधनातली बरीचशी किंमत मेथॅनॉलनं मोजलेली असते आणि मेथॅनॉल हे स्वतःच इंधन आहे. बातमीत दोन भाग हायड्रोजनमागे एक भाग ऑक्सिजनही निघाला असं लिहिलेलं असेल, तर ते खरं पाण्याचं विघटन. ऑक्सिजनचा उल्लेखच नसेल तर पाण्यात आणखी काय मिसळलं होतं ते शोधावं. प्रकाश कसला होता आणि प्रयोग किती तास टिकला, हेही बघावं. एवढं जरी वाचकानं विचारलं तरी अर्ध्या बातम्यांचा अर्थ बदलतो.

आपली तांबडी माती का चालत नाही?

डिचोली, सत्तरी, सांगेच्या भागातला माणूस हा प्रश्न विचारणारच, आणि तो उत्तम प्रश्न आहे. आपल्या खाणींतून जे हेमॅटाइट निघालं ते लोहाचं ऑक्साइड आहे. ते तांबडं दिसतं, म्हणजे निळा-हिरवा प्रकाश ते शोषून घेतं. त्याचा बँड गॅप सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दृश्य प्रकाशाला अगदी सोयीचा. स्वस्त, बिनविषारी, पाण्यात न विरघळणारं.

अडचणी दोन आहेत. व्हाळ अरुंद असला तरी पलीकडचा काठ चुकीच्या जागी आहे. तिथे पोचलेल्या इलेक्ट्रॉनमध्ये हायड्रोजन बनवण्याइतका जोर नसतो, बाहेरून थोडी वीज देऊन ढकलावं लागतं. आणि त्यातली पोकळी विझण्यापूर्वी जेमतेम काही नॅनोमीटर सरकते. म्हणून जगभर हेमॅटाइटचे अतिशय पातळ थर, सुया, काड्या बनवण्याची धडपड चालू आहे. टायटॅनियमच तेवढं योग्य असं मुळीच नाही. टायटॅनियमचे काठ बरोबर जागी आहेत पण व्हाळ रुंद, हेमॅटाइटचं उलट. कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप सुमारे २.४ आहे आणि काठही योग्य जागी आहेत, पण प्रकाशात त्याच्या पोकळ्या पाण्याऐवजी त्यालाच खाऊन टाकतात, आणि कॅडमियम विषारी. काही संशोधक आता दोन वेगळे पदार्थ एकत्र जोडतात: एकाकडे हायड्रोजनचं काम, दुसऱ्याकडे ऑक्सिजनचं. झाडांच्या पानांतही प्रकाश पकडण्याच्या दोन व्यवस्था अशाच एकामागून एक काम करतात.

सर्वांत पुढे कोण पोचलं आहे?

जपानच्या काझुनारी डोमेन यांच्या गटाचं काम मी आवर्जून सांगतो, कारण त्यात शक्यता आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात. त्यांनी टायटॅनियमच्याच एका संयुगात, स्ट्रॉन्शियम टायटानेटमध्ये, थोडं अ‍ॅल्युमिनियम मिसळलं आणि स्फटिकाच्या वेगवेगळ्या बाजूंवर वेगवेगळे सहाय्यक पदार्थ बसवले, जेणेकरून इलेक्ट्रॉन एका बाजूला जावेत आणि पोकळ्या दुसऱ्या. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की शोषलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटॉनचा उपयोग होतो, आकडा सुमारे ९६ टक्के! विझून जाणाऱ्या जोड्यांचा प्रश्न त्यांनी त्या पदार्थापुरता जवळपास सोडवला.

पण हे सगळं ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात. याच पदार्थाचे १०० चौरस मीटरचे फलक त्यांनी खऱ्या उन्हात मांडले आणि २०२१ मध्ये निकाल दिला: सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये जास्तीत जास्त ०.७६ टक्के साठली. कुठलाही पदार्थ फक्त ४०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश वापरत असेल, तर एकही फोटॉन वाया न घालवता सुद्धा हा आकडा सुमारे २ टक्क्यांपलीकडे जात नाही. ६०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे नारिंगीपर्यंतचा प्रकाश वापरता आला तर मर्यादा सुमारे १६ टक्के होते. टायटॅनियमला रंग चढवण्यासाठी एवढी माणसं आयुष्य का वेचतात, ते या दोन आकड्यांवरून कळावं.

छपरावर सौर पॅनेल आहे, मग हा खटाटोप कशाला?

आजच्या घडीला हा आक्षेप बरोबर आहे. चांगलं सौर पॅनेल वीस टक्क्यांच्या वर वीज देतं. ती वीज विद्युत-विघटन यंत्रात घातली आणि तिथे साधारण ७० टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये आली, तर एकूण चौदा-पंधरा टक्के होतात. भुकटी त्याच्या जवळपासही नाही. भुकटीची बाजू आहे ती साधेपणाची: काचेवर थापलेला थर, वर पाण्याची पातळ चादर, तारा नाहीत, महागडं यंत्र नाही. कार्यक्षमता ५ ते १० टक्क्यांवर गेली आणि थर वर्षानुवर्षं टिकला, तर मोठ्या क्षेत्रावर हे स्वस्तात परवडेल असा संशोधकांचा अंदाज आहे. तोवर सौर वीज आणि विद्युत-विघटन हाच व्यवहार्य मार्ग आहे.

गोव्यातल्या एका छपराचा हिशेब

वीस चौरस मीटरचं छप्पर घेऊ. चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ५ युनिट ऊन धरलं तर १०० युनिट होतात. ०.७६ टक्क्यांनी दिवसाला पाऊण युनिट, महिन्याला सुमारे २३ युनिट ऊर्जा हायड्रोजनच्या रूपात मिळेल. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते, म्हणजे महिन्याला सिलिंडरचा आठवा हिस्सा. कार्यक्षमता १० टक्के झाली तर महिन्याला ३०० युनिट, दीड सिलिंडरहून अधिक. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

पाणी पुरेल का, अशी काळजी वाटते. ती करायला नको. १० टक्क्यांनीसुद्धा दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम हायड्रोजन, त्याला २.७ लिटर पाणी. वर्षाला हजार लिटरच्या आत. गोव्यात साधारण तीन मीटर पाऊस पडतो, तेव्हा त्याच छपरावर वर्षाला ६० हजार लिटर पाणी येतं. समुद्राचं पाणी थेट वापरायचा मोह मात्र टाळावा लागतो, कारण मिठातल्या क्लोराइडमुळे ऑक्सिजनऐवजी क्लोरीन वायू निघू लागतो आणि क्षार थरावर बसतात.

काळजी करायची तर वायूंची करावी. भुकटीच्या पद्धतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच जागी, मिसळूनच निघतात. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ ते ७५ टक्के असेल तर ते मिश्रण पेट घेतं, शुद्ध ऑक्सिजनसोबत तर आणखी सहज. जपानच्या प्रयोगात पडद्यातून वायू गाळून हायड्रोजन वेगळा केला गेला. हे नेमानं सांभाळायला प्रशिक्षित माणूस लागतो. घराच्या छपरावर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय जून ते सप्टेंबर आकाश भरलेलं असतं, तेव्हा हायड्रोजन साठवून ठेवावा लागेल आणि तो साठवायचा म्हणजे मोठ्या दाबाच्या टाक्या आल्या. म्हणून अशा हायड्रोजनचं पहिलं गिऱ्हाईक स्वयंपाकघर असेल असं मला वाटत नाही. झुआरीनगरच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो आणि अमोनियाला हायड्रोजन लागतोच. आज तो नैसर्गिक वायूपासून काढला जातो, आणि त्या रीतीनं एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. टाक्या, पडदे, वायू हाताळणारी माणसं हे सगळं अशा कारखान्यात आधीपासून असतं. उन्हातून निघालेला हायड्रोजन, मग तो पॅनेलच्या विजेचा असो वा पुढे कधी रंग चढवलेल्या भुकटीचा, आधी तिथे वापरावा.